एका ताग्यातले दोन कोट

रंगनाथराव,

तेरावं होऊन गेलं. पाहुणे आपापल्या गावी परतले, मीही वाटूरला आलो. तुम्हाला लिहायचं म्हणजे खरं तर वादच पुढं चालवायचा, कारण आपल्या दोघांत दुसरं बोलणं फारसं झालंच नाही. साडू म्हणून जितकी वर्षं समोरासमोर पाटावर बसलो, तितकी वर्षं एकाच गोष्टीवर भांडलो. दर दहा वर्षांच्या पोशाखाला स्वतःचा असा तोंडवळा असतो का? तुम्ही म्हणायचात, असतो. मी म्हणायचो, नसतो. वाद अर्धा टाकून तुम्ही निघून गेलात. त्यातही तुमचं पारडं जड असताना गेलात, हे मला आवडलेलं नाही.

मला तुमचा हेवा वाटायचा. हे काही गुपित नव्हतं. यमुनेला ठाऊक होतं, सासुरवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तुम्हाला तर सगळ्यांच्या आधी. माणूस गेला की त्याचा हेवाही सरणावर जातो असं म्हणतात. मी वाट पाहिली. गेला नाही. उलट तुमच्या घरी सुतकात बसलो असताना वाढला, कारण येणारा प्रत्येक माणूस तुमचे कपडे आठवत होता. कुणी म्हणे, "रंगनाथरावांनी पहिल्यांदा उघड्या गळ्याचा कोट घातला ना, त्याच साली आमच्या विहिरीला पाणी लागलं." कुणी म्हणे, "ते रूमी टोपी घालून हिंडायचे तवा माझं लगीन झाल्तं." तुमच्या कोटांवरून लोकांनी आपापली सालं लावून ठेवली आहेत. माझ्या कोटावरून कुणाला काही आठवत नाही. कसं आठवणार? तो एकच आहे. म्हणजे फाटला की दुसरा शिवतो, पण तोच शिवतो.

या सगळ्याचं मूळ मामांच्या न्यायात आहे. आपले सासरे इतके न्यायी नसते तर मी सुखी असतो. धोंड्याच्या महिन्यात ते दोन्ही जावयांना तीर्थपुरीला बोलवायचे. मोठी यमुना मला दिलेली, धाकटी गोदावरी तुम्हाला. एकीला उणं, एकीला अधिक झालं असं कुणी म्हणू नये, म्हणून मामा एकच तागा आणायचे आणि आपल्या डोळ्यांदेखत त्यातून दोन कोटांचं कापड फाडायचे. कापड तेच, रंग तोच, शिंपीही तोच, वेशीजवळचे चाँद मास्तर. आणि चार दिवसांनी कोट अंगावर चढले की तुमचा कोट हैदराबादच्या एखाद्या वकिलाचा दिसायचा, माझा गोणपाटाचा.

तुम्ही मास्तरांच्या कानात काहीतरी सांगायचात. काय सांगायचात ते मला कधी कळलं नाही. एकदा न राहवून मी विचारलं, "मास्तर, खरं सांगा, मला कापड कमी लावलं का?" मास्तरांनी तोंडातली सुई काढली आणि म्हणाले, "जवाईबापू, कपडा एकीच है. बदनां दो हैं." तुम्ही इतके हसलात की पानाचा रंग नव्या कोटावर उडाला. मला वाटलं, आता डाग पडला, आता तरी. तुम्ही त्या जागी रुमालाची घडी खोचली, आणि पुढच्या बाजारापर्यंत तीर्थपुरीत निम्मी पोरं छातीवर रुमाल खोचून हिंडत होती.

मी बंदोबस्त खात्यात काही वर्षं जमीन मोजणारा माणूस. डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, टाकल्याशिवाय बोलत नाही. म्हणून दर धोंड्याला आपले दोन्ही कोट खुंटीवर शेजारी टांगून मी ते टेपेनं मोजायचो. तुम्ही तोंडात अनारसा धरून बघत बसायचात. माझा कोट जिथल्या तिथं. तुमचा दर खेपेला गिरहभर, म्हणजे तीनेक बोटं, वर सरकलेला. पहिल्या धोंड्याला तो गुडघ्याच्या खाली होता, बंद गळ्याचा, वर झुबकेदार गोंड्याची लाल रूमी टोपी. मग गुडघा दिसला. मग गळा उघडला आणि आतल्या शर्टाची कॉलर कोटावर पसरली, टोपी काळी झाली. मग मांडी दिसली. मी म्हटलं, "बघा, सारखा सरकतोय. धागा धागा आखूड होतोय. दहा वर्षांनी उडी मारतोय असं कुठंय? तुमची ती दशकं म्हणजे माणसानं घातलेले बांध. माती बांध ओळखत नाही. अल्याडची तीच, पल्याडची तीच."

तुम्ही अनारसा संपवला, हात झटकले. "माती न्हाई ओळखत, मोठे. पण पीक ओळखतं ना? बांधाच्या अल्याड तूर, पल्याड कापूस. आन् आपण खातो पीक, माती न्हाई."

मामा खूश झाले. मामींनी तुमच्या पानात आणखी दोन अनारसे टाकले. मला त्यांनी विचारलंच नाही असं नाही. विचारलं, पण तुमच्यानंतर.

मी दुसऱ्या बाजूनं आलो. "कोणती दहा वर्षं म्हणता? फसलीची धरायची का इंग्रजीची? शकाची का हिजरीची? कचेरीत एक सन, पंचांगात दुसरा, स्टेशनावर तिसरा. तुमची फॅशन कोणत्या सनाला कूस बदलते तेवढं सांगा." हा मुद्दा बिनतोड होता. अजूनही आहे. तुम्ही अडकित्ता हातात घेतलात. तेवढ्यात तुम्ही आत बघून ओरडलात, "गोदे, मोठ्यांना विचार, यमुनावहिनींचं झंपर कोणत्या सनात येणार हाय म्हणावं. फसलीत का हिजरीत?" आतून दोघी बहिणींचं हसणं आलं. गोदावरीच्या अंगात तेव्हा बटणांचं झंपर आलं होतं, फुगीर बाह्यांचं. यमुना अजून पुढं गाठ मारायची चोळी घालत होती. माझा मुद्दा खरा होता आणि हसणं तुमच्या वाट्याला गेलं. घरी येताना गाडीत, वाटूर दिसायला लागल्यावर यमुना म्हणाली, "बाह्या फुगीर नसल्या तरी चालतील. बटणं असावीत." मी शिवून दिलं. पण ते झंपर मी दिलं असं मला कधी वाटलं नाही. ते तुम्हीच दिलं.

लढाईच्या दिवसांत कंट्रोल आला, कापड रेशनवर गेलं, आणि मी मनातून सुखावलो. म्हटलं, आता कसली फॅशन काढता बघू. आता सगळेच माझ्यासारखे दिसतील. त्या धोंड्याला मामांना तागा मिळाला नाही. खाकी रंगाचं जाडंभरडं कापड मिळालं, तेही दोन कोटांना पुरेना. माझा कोट त्यात कसाबसा बसवला. तुम्ही कोट केलाच नाहीत. बाह्या कोपरापर्यंत, खिसे चार, खाली सरळ आणि विजारीच्या बाहेर सोडलेला, असा बुशकोट तुम्ही करून घेतलात. "मोठे, कापड कमी म्हणून आखूड शिवलेलं नव्हं हे. हे असंच असतं." महिन्याभरात तुमच्या जालन्यात स्टेशन रोडवर तसले बुशकोट दिसू लागले. टंचाईसुद्धा तुम्हाला शोभली. मी त्या गोष्टीवरून कित्येक दिवस जेवताना बोलत होतो, आणि यमुना ताटात वाढत म्हणायची, "अहो, भात निवतोय."

आणि मग गेल्या उन्हाळ्यातली ती गोष्ट. मामा जाऊन वर्ष होत आलं होतं. मामी तीर्थपुरीच्या ओट्यावर सूप घेऊन ज्वारी पाखडत होत्या. आपण दोघं आत, चहा पीत. तुमचा श्रीधर हैदराबादेहून कॉलेजला सुट्टी लागली म्हणून परस्पर आजोळी आला. मोटारीतून उतरून चालत येत होता, तेल लावून मागं फिरवलेले केस, डोक्यावर काही नाही. मामींनी लांबून बघितलं. हातातलं सूप खाली पडलं.

"अगं गोदे गं! कोण गेलं गं माझ्या बाई! पोरगं बोडक्यानं आलंय!"

शेजारच्या बायका धावल्या. एकीनं तर गळाच काढला. आपल्याकडं डोकं उघडं टाकून माणूस रस्त्यानं चालतो ते मयताच्या मागं. मामींना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. श्रीधर बिचारा वाटेत उभा, हातात ट्रंक. तुम्ही चहाची बशी हातात घेऊन बाहेर आलात.

"मामी, मी हितंच हाय की. कोणी न्हाई गेलं. फॅशन आली."

"जळली तुमची फॅशन! बाप जिता असून पोरगं बोडकं? उद्या खरंच कोणी गेलं तर आम्ही वळखायचं कसं वो?"

तुम्ही माझ्याकडं वळलात. तुमचा चेहरा असा खुलला होता की मला बशी ओढून घ्यावीशी वाटली. "बघा मोठे. रूमी टोपीचा एक काळ, काळ्या टोपीचा एक काळ, आन् आता ह्यो बोडक्यांचा. आता तरी माना."

"ह्याला फॅशन न्हाई म्हणत," मी म्हणालो. "ही टोपीची बचत हाय."

"बचत न्हाई. हल्ली टोपी बघून माणूस कुणाचा ते ठरवून राह्यले लोक. लाल का पांढरी का काळी. पोरांनी भांडणच काढून ठेवलं डोक्यावरून. तुम्ही घ्या मोजायला. टेप कुठं लावता बघतो."

खरंच, टेप लावायला काही नव्हतं. मी चहा संपवला, पण मानलं नाही. मामींचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. खरंच कुणी गेलं तर ओळखायचं कसं?

एक गोष्ट मला लिहिलीच पाहिजे, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. आमच्या सुमनच्या लग्नात व्याही मांडवात सगळ्यांदेखत म्हणाले, "सुपारीला हाच कोट, लग्नाला हाच कोट. मुलीच्या बापाला दुसरा कोट न्हाई वाटतं?" हसले लोक. मी कोटाची बटणं लावत राहिलो. तुम्ही त्या दिवशी मोतिया रंगाच्या नव्या कोटात होतात, सगळा मांडव तुमच्याकडं बघत होता. तुम्ही तो कोट काढलात, घडी करून श्रीधरच्या हातात दिलात आणि नुसत्या शर्टानं व्याह्यांपुढं येऊन हात जोडलेत. "व्याहीबुवा, आमच्या घराण्यात रिवाज हाय. नवं कापड धाकट्यानं घालायचं. मोठ्याचा मान जुन्यात. आज मी चुकलो, मोठ्यांच्या पुढं नवा कोट घालून उभा राह्यलो. माफी असावी."

असला कुठलाही रिवाज नव्हता. तुम्ही तो तिथल्या तिथं शिवलात. व्याह्यांना तो इतका पटला की पुढं त्यांच्या घरात तो पाळतात असं सुमन सांगते. त्या दिवशी तुम्ही माझी लाज राखलीत. मी तुमचे उपकार मानतो, आज पहिल्यांदा लिहून मानतो. आणि हेही लिहितो की नुसत्या शर्टातही तुम्हीच सगळ्यांत चांगले दिसत होतात. उपकार करणंसुद्धा तुमच्या अंगावर बरोबर बसायचं. मी कुणावर उपकार केले तर ते माझ्याच अंगावर ढगळ होतात.

तुम्हाला ताप आहे, बोलावलंय, असा निरोप आला तेव्हा मी सकाळच्या मोटारीनं निघालो. वाटेत मुद्दे जमवत होतो. आजारी माणसाशी भांडू नये हे कळतं, पण तुम्हाला त्यानंच बरं वाटलं असतं. जालन्यात उतरलो, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो. घरासमोर श्रीधर आणि त्याचे चार-पाच मित्र उभे होते. सगळे बोडके. रोजच्यासारखे. मला हायसं वाटलं. लांबूनच म्हणालो, "काय हैदराबादकर! बाबांनी अंथरुणात बुशकोट घातलाय का काढलाय?"

कुणी हसलं नाही.  तेवढ्यात तुमचे शेजारी, ते म्हातारे घड्याळवाले, घरातून बाहेर पडले. त्यांचा फेटा त्यांच्या हातात होता.

तेव्हा मला कळलं.

रंगनाथराव, मी तिथंच तुमचं म्हणणं मान्य केलं. म्हाताऱ्याचं उघडं डोकं मला वाचता आलं आणि तुमच्या पोराचं आलं नाही. मधे बांध होता, आणि मी त्याच्या अल्याड उभा होतो. पण पटवायची ही काय रीत झाली? आणखी एखाद्या धोंड्याला, अनारसे खाताना, दुसरं काहीतरी दाखवून पटवता आलं असतं. मी एवढा काही हट्टी नव्हतो. होतो, पण एवढा नव्हतो.

मग तेरावं. आजोळचा दुखवटा, म्हणजे नवं कापड, आणायचा, पोराला फेटा बांधून सुतकातून बाहेर काढायचं. मामा नाहीत, मामींना मुलगा नाही. मामींनी सांगून पाठवलं, थोरल्या जावयानं बांधावा. म्हणजे मी. कापड मिळता मिळत नव्हतं. चाँद मास्तरांनी कुठूनतरी गुलाबी मलमल दिली आणि पैशांचं नाव काढू दिलं नाही. पण मला कापडाची काळजी नव्हती. मला वाटत होतं, पोरगं भर पंगतीत नको म्हणेल. आणि हो म्हणाला, तर कसा बांधू? मला एकच फेटा येतो. शेतात जरीब ओढताना वाऱ्यानं उडू नये असा, चपटा, घट्ट, शेव, म्हणजे कापडाचं टोक, आत खोचलेला. तुम्ही बांधायचात तसा तिरका, कडक तुऱ्याचा, मला कधी आला नाही. मी कधी शिकलो नाही म्हणा. कोणाकडून शिकणार? तो शिकवणारा एकच होता.

श्रीधर पाटावर बसला. दहाव्याला क्षौर झालेलं, ते मागं फिरवलेले केस गेलेले. तसं ते डोकं लहानपणीच्या पोराचं दिसत होतं. धावड्याचे तुमचे चुलते, तात्या, भिंतीला टेकून बसले होते. तिथूनच बोलले, "बापावानी बांधा हां, मोठे. तुरा काढा. रंगनाथचं पोर शोभलं पाह्यजे."

मी कापड हातात घेऊन उभा राहिलो. सगळे बघत होते. "तात्या, मला तसा येत न्हाई," मी म्हणालो.

"न्हाई येत? इतकी वर्षं साडू म्हणून शेजारी बसलात, मंग बघत काय होता?"

बायकांत कुणीतरी खुसखुसलं. मला वाटलं, गेला हा माणूस, तरी मला पंगतीत खाली बघायला लावतो आहे. कापड तात्यांच्या हातात द्यावं आणि उठून जावं, इथपर्यंत आलो होतो. श्रीधरनं मान वर केली. "काका, तुम्ही बांधता तसाच बांधा."

"अरे, तो शेतातला हाय. तुला आवडायचा न्हाई."

"बांधा तुम्ही."

मी बांधला. नेहमीपेक्षा जास्त घट्ट बांधला. शेव आत खोचली. मागं सरून बघितलं. आणि रंगनाथराव, मी वीस-बावीस वर्षं आरशात रोज जो फेटा बघतो, ज्याच्याकडं आजवर कुणी मान वळवली नाही, तोच फेटा त्या पोराच्या डोक्यावर असा दिसत होता की सगळ्या ओसरीनं माना वळवल्या. कपाळ तुमचं, कान तुमचे. कापड एकच, बदनं दोन. गोदावरीनं पदर तोंडाला लावला.

पलीकडच्या घरातली एक नवी सून दाराशी उभी होती. तिनं हळूच यमुनेला विचारलं, "मावशी, ही हैदराबादची नवी पद्धत का?"

श्रीधरनं ऐकलं. आमच्या यमुनेच्या आधी तोच बोलला. "न्हाई. वाटूरची."

"छान हाय," ती म्हणाली. "आमच्या ह्यांनाबी सांगते."

माझी पद्धत. कुणीतरी उचलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि मी, सवयीनं, तुमचं तोंड कसं झालंय ते बघायला वळलो.